डॉ. येल्लाप्रगड सुब्बाराव

मॅट्रिकला दोनदां नापास झालेल्या मुलाचें पुढें काय व्हावयाचें, असें पालक आम्हांस काळजीनें विचारतात. त्यांस आम्ही डॉ. सुब्बाराव यांचें चरित्र सांगतों.

त्यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजीं आंध्रांतील भीमवरम् येथें झाला. घरीं दारिद्र्य. यात्रेकरूंस केळीं विकून पैसा मिळवावा म्हणून हा मुलगा काशीच्या वाटेस लागला. मातोश्रींनीं परत आणून शाळेंत बसविलें. तिसऱ्या खेपेस तो मॅट्रिक झाला. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयांत खादीचा अंगरखा घातल्यामुळें शस्त्रक्रियेच्या अध्यापकांचा रोष झाला व कनिष्ठ पदवीवर समाधान मानावें लागलें. त्यांचे दोन भाऊ थोड्याच दिवसांच्या अंतरानें संग्रहणीनें वारले, तो घाव ते विसरले नाहींत.

पुढें ते अमेरिकेंत हार्वर्ड विद्यापीठांत गेले. रुग्णालयांत रात्रपाळीचें हलकें काम करून शिकले. १९२५ सालीं रक्तांतील फॉस्फरस मोजण्याची रीत फिस्क यांच्यासह प्रसिद्ध केली. तरी कायमची जागा मिळाली नाहीं. १९४० सालीं ते लेडर्ले प्रयोगशाळेंत गेले. तेथें त्यांच्या सहकाऱ्यांनीं फॉलिक ॲसिड हें जीवनसत्त्व कृत्रिम रीतीनें तयार केलें आणि संग्रहणीच्या रोग्यांस तें गुणकारी ठरलें.

याच जीवनसत्त्वासारखीं दिसणारीं, पण त्याचें काम अडविणारीं द्रव्यें त्यांनीं मग बनविलीं. फॉलिक ॲसिडावांचून पेशी वाढत नाहींत. कुलुपांत खोटी किल्ली अडकावी तसा हा प्रकार. बोस्टनचे डॉ. फार्बर यांनीं १९४७ सालीं त्यांपैकीं अमिनोप्टेरिन हें रक्ताच्या कर्करोगानें ग्रासलेल्या बालकांस दिलें, आणि कांहींचा रोग तात्पुरता कां होईना मागें हटला.

आमवातांत शरीराचे रक्षकच आपल्या सांध्यांवर उलटतात. बोटें सुजतात, वांकडीं होतात. १९५१ सालीं गुब्नर यांनीं तेंच अमिनोप्टेरिन आमवाताच्या रोग्यांस देऊन पाहिलें. त्याचें भावंड मेथोट्रेक्सेट. त्यास अमेरिकेंत या रोगासाठीं मान्यता मिळावयास १९८८ साल उजाडलें. अल्प मात्रेंत, आठवड्यांतून एकदांच, तें त्या बंडखोर रक्षकांस आवरतें. रोज घेतल्यास मात्र प्राणावर बेतूं शकतें, म्हणून रक्त तपासून वैद्यांच्या देखरेखीखालींच घ्यावयाचें. गंमत अशी कीं, त्याचा त्रास कमी व्हावा म्हणून जोडीला फॉलिक ॲसिडच देतात!

सुब्बारावांनीं यांतील कांहींच पाहिलें नाहीं. ऑगस्ट १९४८ मध्यें, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीं, ते न्यूयॉर्क येथें निवर्तले. मायदेशीं सोडलेल्या पत्नीची भेट पुनः झालीच नाहीं.