मलमाच्या बारा डब्या : हेलेना रुबिनस्टाइन

क्रीमची डबी विकत घेताना कोरडी त्वचा, तेलकट त्वचा की सामान्य त्वचा, हा प्रश्न आज इतका अंगवळणी पडला आहे की माणसाची त्वचा जन्मतःच या तीन खणांत विभागून आली असावी असे वाटावे. सव्वाशे वर्षांपूर्वी बाजारात अशी विभागणी नव्हती. आपल्याकडेही दिवाळीच्या पहाटे वाटीत कालवलेले उटणे घरातल्या लहानथोरांना एकच असे. आधी ग्राहक स्त्रीची त्वचा तपासायची, तिचा प्रकार तिला सांगायचा आणि मगच त्या प्रकाराची डबी तिच्या हाती द्यायची, ही रीत रूढ करण्याचे श्रेय ज्या स्त्रीला दिले जाते, ती म्हणजे हेलेना रुबिनस्टाइन. उंची जेमतेम चार फूट दहा इंच, शिक्षण बेताचे आणि हाती भांडवल शून्य. तरीही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगातील सर्वांत श्रीमंत स्वकष्टार्जित स्त्रियांमध्ये तिची गणना होऊ लागली.

तिचा जन्म 25 डिसेंबर 1872 रोजी पोलंडमधील क्राकुव्ह शहराच्या काझिमेझ या ज्यूवस्तीत झाला. तेव्हा हा प्रदेश ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. मूळ नाव खाया. वडील रॉकेलचे व्यापारी, घर धर्मनिष्ठ, मिळकत ओढगस्तीची आणि पदरी आठ मुली. त्या आठ जणींत खाया थोरली. आईवडिलांनी ठरवलेले लग्न तिने नाकारले, तेव्हा घरात राहणे अवघड झाले. काही काळ व्हिएन्नामध्ये मावशीकडे काढल्यावर 1896 मध्ये ती एकटीच बोटीने ऑस्ट्रेलियाला निघाली. या प्रवासात खाया मागे पडली आणि हेलेना नावाची तरुणी पुढे गेली. वयातूनही तिने काही वर्षे उतरवली, आणि ही सवय पुढे आयुष्यभर सुटली नाही.

व्हिक्टोरिया प्रांतातील कोलरेन या खेड्यात तिचे मामा दुकान चालवीत. भोवताली मैलोन्मैल मेंढ्यांची कुरणे, डोक्यावर करपवणारे ऊन आणि सतत वाहणारा कोरडा वारा. तिला इंग्रजी फारसे येत नव्हते. पुढे तिने सांगितलेल्या कथेनुसार, आईने तिच्या सामानात मलमाच्या बारा डब्या बांधून दिल्या होत्या. गावातील बायका तिच्या नितळ चेहऱ्याकडे पाहून त्याचे रहस्य विचारू लागल्या. डब्या संपल्या, आणखी मागवाव्या लागल्या आणि त्यातून धंदा उभा राहिला.

कथा सुरेख आहे, पण या कथेत मधली सहा वर्षे गळून पडतात. मामाकडे तिचे फार काळ पटले नाही. क्वीन्सलंडमध्ये तिने मुले सांभाळण्याची नोकरी केली. मेलबर्नमध्ये एका चहाच्या उपाहारगृहात ती गिऱ्हाइकांना चहा आणून देत असे. तिथेच तिची ओळख पैसेवाल्या आणि व्यापार जाणणाऱ्या काही गृहस्थांशी झाली आणि त्यांच्या मदतीने तिने आपले पहिले दुकान उघडले. पहिल्या जाहिराती 1902-03 च्या सुमाराच्या आहेत. त्या मलमाचे नाव व्हलाझ. कार्पेथियन पर्वतातील दुर्मीळ वनस्पतींपासून, डॉ. लिकुस्की नामक थोर युरोपीय तज्ज्ञाच्या कृतीनुसार ते तयार होते, असे डबीबरोबर सांगितले जाई.

मग डबीत खरोखर होते तरी काय? लॅनोलिन हा तिच्या मलमांचा पाया होता, असे बहुतेक चरित्रलेखक मानतात. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या त्वचेतील ग्रंथींतून स्रवून लोकरीत साठणारे मेण. कोलरेनच्या परिसरात त्याला तोटा नव्हता. मेण, खनिज तेल आणि तिळाचे तेल यांचे ते एक साधे मिश्रण होते, असेही काहींनी नोंदवले आहे. या दोहोंपैकी काहीही खरे धरले तरी कार्पेथियन पर्वताचा त्यात संबंध येत नाही. लॅनोलिनला मेंढीचा उग्र वास असतो आणि तो झाकायला सुगंधी द्रव्ये घालावी लागत, एवढेच काय ते रहस्य.

येथे एका गोष्टीचा मात्र न्यायाने विचार करायला हवा. मेण किंवा तेलाचा पातळ थर त्वचेवर बसला की आतील ओलावा उडून जाण्याचा वेग कमी होतो आणि त्वचा मऊ राहते. हे सत्य तेव्हाही होते आणि आजही आहे. ऑस्ट्रेलियातील उन्हावाऱ्याने तडकलेल्या चेहऱ्यांना त्या मलमाने खरोखर आराम पडत असणार, नाहीतर तीच बाई पुन्हा दुकानात आली नसती. म्हणजे माल उपयोगी होता आणि त्याची कुळकथा मात्र रचलेली होती. मग हाच माल स्थानिक मेंढ्यांच्या नावाने का विकला नाही? कारण हेलेनाने गिऱ्हाइकाचे मन अचूक ओळखले होते. दारातल्या लोकरीचे मलम कोणी सहा शिलिंग देऊन घेतले नसते. एका डबीचा खर्च दहा पेन्सच्या आसपास होता आणि विक्रीची किंमत सहा शिलिंग, म्हणजे बहात्तर पेन्स, असे चरित्रकार सांगतात. दूरच्या मुलखाचे नाव लावले की मालाला वजन येते, हे सगळ्याच बाजारांना ठाऊक असते. मुंबईत तयार होणाऱ्या एका गाजलेल्या स्नोच्या बाटलीवरही अफगाणिस्तानचे नाव होतेच.

मात्र केवळ बनवाबनवीवर तिचे दुकान टिकले असते असे नाही. 1905 मध्ये ती युरोपात परतली आणि तेथील त्वचातज्ज्ञांना भेटून, त्यांचे उपचार पाहून आली. त्वचेची कोरडी, तेलकट आणि सामान्य अशी वर्गवारी तिने ग्राहकांना समजावून द्यायला सुरुवात केली ती याच पुढच्या काळात. आज त्वचाविज्ञान याहून पुष्कळ बारकाईने बोलते. पण एका मैत्रिणीला मानवलेले मलम दुसरीला मानवेलच असे नाही, आधी स्वतःची त्वचा ओळखावी आणि मग डबी उघडावी, हा साधा विचार तिने दुकानाच्या गल्ल्यावरून घरोघरी पोहोचवला. अर्थात एका डबीच्या जागी तीन डब्या खपू लागल्या, हेही खरेच. उन्हापासून चेहरा जपावा हेही ती फार लवकर सांगू लागली होती. पांढरा कोट घालून, काचेच्या नळ्या आणि बाटल्यांच्या मध्ये उभे राहून छायाचित्र काढून घेणे तिला आवडे. शास्त्राची पदवी तिच्यापाशी नव्हती, पण कोट अंगाला शोभत होता.

1908 मध्ये तिने लंडनच्या मेफेअर भागात सलून थाटले. त्याच वर्षी एडवर्ड टायटस या अमेरिकन पत्रकाराशी तिचा विवाह झाला आणि पुढे दोन मुलगे झाले. मागोमाग पॅरिस आणि पहिले महायुद्ध पेटल्यावर न्यूयॉर्क. बहिणींनाही तिने एकामागून एक धंद्यात घेतले. त्या काळी सभ्य घरच्या स्त्रीने तोंडाला रंग लावणे हे नटींचे लक्षण समजले जाई. सलूनमध्ये मागच्या दाराने येणाऱ्या स्त्रिया पुढल्या दाराने येऊ लागल्या, या बदलात हेलेनाचा वाटा मोठा आहे. तेवढाच वाटा न्यूयॉर्कमधल्या तिच्या प्रतिस्पर्धी एलिझाबेथ आर्डेन यांचा. दोघींची दुकाने एकमेकींपासून फार दूर नव्हती, पण आयुष्यभर त्या एकमेकींना कधी भेटल्या नाहीत. आर्डेनने हेलेनाची माणसे फोडली, तर हेलेनाने आर्डेनच्या घटस्फोटित पतीलाच नोकरीवर ठेवले.

तिच्या धंदेवाईक डोक्याची सर्वांत मोठी कसोटी लागली ती 1928 मध्ये. संसार सावरण्याच्या विचाराने तिने अमेरिकेतील व्यवसाय लेहमन ब्रदर्स या पेढीला 73 लाख डॉलर्सना विकला. नव्या मालकांनी तिचा महागडा माल स्वस्त करून गल्लीबोळातील दुकानांत नेला. पुढच्याच वर्षी शेअर बाजार कोसळला आणि कंपनीच्या समभागांची किंमत मातीमोल झाली. हेलेनाने छोट्या भागधारकांना हाताशी धरले, समभाग गोळा केले आणि सुमारे पंधरा लाख डॉलर्समध्ये आपला धंदा परत मिळवला. व्यवहार म्हणून याला तोड नाही, पण ज्या संसारासाठी विक्री केली तो टिकला नाही. टायटसपासून ती विभक्त झाली आणि 1938 मध्ये जॉर्जियाच्या एका राजपुत्राशी तिने दुसरा विवाह केला.

त्याच वर्षी अमेरिकेत प्रसाधनांवर प्रथमच केंद्रीय कायद्याचा अंकुश आला. पापण्यांना लावायच्या एका रंगाने काही स्त्रियांची दृष्टी गेली होती आणि एकीचा मृत्यू झाला होता. त्या प्रकरणाने लोकमत ढवळून निघाले होते. आता घातक द्रव्ये विकणे आणि वेष्टनावर दिशाभूल करणारा मजकूर छापणे गुन्हा ठरू लागले. मलमाला वाटेल ते गुण चिकटवण्याच्या ज्या मोकळ्या जमान्यात व्हलाझचा जन्म झाला होता, तो जमाना संपत आला होता. ग्राहक स्त्रीच्या दृष्टीने ही घटना कोणत्याही नव्या क्रीमपेक्षा मोलाची होती. हेलेनाचा धंदा मात्र तोवर इतका मोठा झाला होता की त्याला कार्पेथियन वनस्पतींची गरज उरली नव्हती.

संपत्ती आली तरी जन्माने दिलेली ओळख पुसली गेली नाही. न्यूयॉर्कच्या पार्क ॲव्हेन्यूवरील एका इमारतीत ज्यूंना घर देत नाहीत असे तिला कळवण्यात आले, तेव्हा तिने ती इमारतच विकत घेतली, असे सांगितले जाते. पैशाने हा अपमान परतवता आला. पण पोलंडमध्ये राहिलेली तिची बहीण रेजिना नाझींच्या नरसंहारात बळी पडली. मागे राहिलेल्या त्या बहिणीपुढे थोरलीची सारी दौलत कामाला आली नाही.

उतारवयातही ती कामावर जात राहिली. चित्रे, आफ्रिकी शिल्पे आणि दागिने यांचा तिचा संग्रह विख्यात होता. पिकासोने तिची रेखाटने केली, दालीने तिचे व्यक्तिचित्र रंगवले. 1964 मध्ये फुले पोहोचवणाऱ्यांच्या वेषात तीन चोर घरात शिरले. 91 वर्षांच्या त्या म्हातारीने तिजोरीची किल्ली झग्यात लपवली आणि चोरांना हाती फारसे काही न लागता पळावे लागले. पुढच्याच वर्षी, 1 एप्रिल 1965 रोजी, न्यूयॉर्कमध्ये तिचे निधन झाले. आत्मचरित्र त्यानंतर प्रकाशित झाले. आईने सामानात बांधून दिलेल्या मलमाच्या बारा डब्या त्यातही आहेत.