जेन्नर, शिकारी कुत्रे आणि आपले पिल्लू

देवीची लस देणारे डॉ. एडवर्ड जेन्नर (१७४९-१८२३) कुत्र्यांच्या आजाराचेही अभ्यासक होते, हे फारसे माहीत नसते. इंग्लंडमधील बर्कली गावच्या या डॉक्टरांनी १७९६ मध्ये आठ वर्षांच्या मुलाला लस टोचली. १८०२ मध्ये ती लस मुंबईत पोहोचली. गावच्या सरदाराच्या शिकारी कुत्र्यांत पसरलेली साथही त्यांनी बारकाईने पाहिली. हा आजार रेबीज नसून कुत्र्याकडून कुत्र्याला लागणारा वेगळा रोग आहे, असे त्यांनी १८०९ मध्ये मांडले. तोच डिस्टेंपर! त्यावरची लस मात्र जेन्नर यांच्या निधनानंतर शंभर वर्षांनी, १९२० च्या दशकात आली.

सोलापूरजवळ नान्नज परिसरातील बहुतेक मोकाट कुत्र्यांच्या रक्तात संशोधकांना या संसर्गाच्या खुणा सापडल्या आहेत. म्हणून पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांचे असताना पहिली लस द्यावी. आईच्या दुधातून आलेली प्रतिद्रव्ये लसीचा परिणाम रोखतात. त्यामुळे एक डोस पुरत नाही. सोळा आठवड्यांपर्यंत पशुवैद्यकाच्या सल्ल्याने पुढचे डोस द्यावेत. तोवर पिल्लाला मोकाट कुत्र्यांत सोडू नये. नाक-डोळे वाहणे, ताप, खोकला, झटके दिसताच दवाखाना गाठावा.