ओहमचा नियम शाळेत सगळेच शिकतात, पण तो मांडणाऱ्या मास्तरला त्यासाठी नोकरी सोडावी लागली होती

हातकणंगले तालुक्यात उसाच्या रानात मोटर बसवायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो, डीपी किती लांब आहे? डीपीजवळच्या विहिरीवर मोटर नीट चालते आणि त्याच लाईनच्या शेवटच्या टोकाला व्होल्टेज पडतं. मग वायरमन सांगतो, तार लांब जातीय, जरा जाड घ्या.

तार लांबली की वीज का अडते, याचं गणित जवळपास 200 वर्षांपूर्वी जर्मनीतल्या एका शाळामास्तरनं मांडलं. त्याचं नाव जॉर्ज सायमन ओहम.

ओहमचा जन्म 16 मार्च 1789 चा, बव्हेरियातल्या एर्लांगेन गावचा. वडील कुलूपं बनवायचे. आई तो दहा वर्षांचा असतानाच गेली. वडिलांचं शिक्षण फारसं नव्हतं, पण त्यांनी स्वतः पुस्तकं वाचून गणित आणि विज्ञान शिकून घेतलं आणि पोरांनाही शिकवलं. धाकटा भाऊ मार्टिनही पुढे गणितज्ञ झाला.

1805 मध्ये ओहम कॉलेजात गेला आणि तिथं अभ्यासापेक्षा नाच, बिलियर्ड्स आणि बर्फावरचं स्केटिंग यातच जास्त रमला. वडील भडकले. दीड वर्षात कॉलेज सुटलं आणि ओहम स्वित्झर्लंडमधल्या एका शाळेत गणित शिकवायला लागला. पण गडी हुशार होता. अभ्यास चालू ठेवला आणि 1811 मध्ये एर्लांगेनला परत येऊन डॉक्टरेट मिळवली. तरीही विद्यापीठात पोटापुरती नोकरी मिळाली नाही. शेवटी 1817 मध्ये तो कलोनच्या शाळेत मास्तर झाला. या शाळेत चांगली प्रयोगशाळा होती आणि तिथंच सगळा खेळ सुरू झाला.

तारेतून किती वीज जाते हे ओहमला मोजायचं होतं. अडचण अशी होती की तेव्हाच्या बॅटरीचा जोर सारखा कमी-जास्त व्हायचा. मग पोगेनडॉर्फ या संपादकाच्या सल्ल्यानं त्यानं बॅटरी बाजूला ठेवली. बिस्मथ आणि तांबं एकमेकांना जोडलं, एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला. दोन्हीकडचं तापमान पक्कं, त्यामुळे विजेचा जोरही पक्का. मग तांब्याच्या सारख्याच जाडीच्या आठ तारा एकेक करून जोडल्या. सगळ्यात छोटी 2 इंचांची, सगळ्यात लांब 130 इंचांची. वर टांगलेली चुंबकाची सुई किती वळते, त्यावरून करंट मोजला.

1826 मध्ये उत्तर हाती आलं. तार जितकी लांब, तितका विजेला अडथळा जास्त आणि करंट कमी. या अडथळ्यालाच आपण रोध किंवा रेझिस्टन्स म्हणतो.

आता हे गणित घरच्या उदाहरणानं बघू. पाणी तापवायचा 2000 वॉटचा गिझर 230 व्होल्टवर साधारण 8.7 अँपिअर करंट घेतो. व्होल्टेजला करंटनं भागलं की रोध मिळतो, इथं सुमारे 26.5 ओहम. व्होल्टेजला करंटनं गुणलं की पॉवर मिळते, म्हणजे वॉट. यातला पहिला हिशोब ओहमचा. दुसऱ्याचा पाया पक्का झाला तो 1840 नंतर, इंग्लंडच्या जूलनं करंट आणि उष्णतेचं नातं मोजल्यावर.

समजा व्होल्टेज 180 वर आलं. गिझरचा रोध तोच राहतो, म्हणून करंट 6.8 अँपिअरवर येतो आणि पॉवर फक्त 1225 वॉट उरते. दहा मिनिटांत तापणाऱ्या पाण्याला सोळा मिनिटं लागतात. शेतातल्या मोटरचं मात्र उलटं असतं. व्होल्टेज पडलं तरी तिला पाणी तेवढंच उचलायचं असतं, म्हणून ती जास्त करंट ओढते, कॉइल तापते आणि मोटर जळते.

एवढा कामाचा नियम म्हटल्यावर ओहमचं नशीब उघडलं असेल ना? तर नाही.

अर्ध्या पगाराची रजा घेऊन तो बर्लिनला गेला आणि 1827 मध्ये पुस्तक काढलं. हे पुस्तक आपल्याला विद्यापीठात जागा मिळवून देईल, अशी त्याची आशा होती. पण पुस्तक गणितानं भरलेलं होतं आणि तेव्हाच्या जर्मनीत भौतिकशास्त्रात एवढं गणित बऱ्याच जणांना पचत नव्हतं. टीका झाली, बाकीच्यांनी दुर्लक्ष केलं. निराश होऊन ओहमनं 1828 मध्ये कलोनची नोकरी सोडली. पुढची काही वर्षं बर्लिनमध्ये तुटपुंज्या कमाईवर शिकवण्या करत काढली. 1833 मध्ये न्यूरेंबर्गच्या पॉलिटेक्निकमध्ये नोकरी मिळाली तेव्हा कुठं घडी बसली.

खरी दाद मिळाली ती परदेशातून. 1841 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीनं त्याला मानाचं कॉपली पदक दिलं. ज्या प्राध्यापकाच्या खुर्चीसाठी सगळी धडपड केली, ती म्युनिक विद्यापीठात मिळाली 1852 मध्ये. तेव्हा वय 63. ती खुर्ची जेमतेम दोन वर्षं लाभली. 6 जुलै 1854 ला ओहम गेला.

1881 मध्ये पॅरिसला जगभरचे वीजतज्ज्ञ जमले आणि रोधाच्या एककाला ओहम हे नाव पक्कं झालं. व्होल्ट आणि अँपिअर ही नावंही तिथंच ठरली. तेव्हा त्याला जाऊन 27 वर्षं झाली होती. आज वायरमनच्या मल्टिमीटरवर रोध मोजायचं जे चिन्ह दिसतं, ते वाचतानाही त्या कुलूपवाल्याच्या पोराचंच नाव घेतलं जातं.