डॉ. पां. वा. सुखात्मे आणि भुकेची रेषा

आमच्या बिदर-कलबुर्गी सीमाभागात तुरीची व ज्वारीची रास पडण्याआधी सरकारी माणसे शेतात उतरतात, आधी न ठरविता निवडलेला एक तुकडा आखतात आणि तेवढेच पीक कापून तोलतात. पीकविम्याची भरपाई अशाच वजनांवर ठरते. ही पद्धत देशभर रुजविण्यात डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा मोठा वाटा होता. परंतु त्यांच्या आयुष्यातील खरा झगडा एका निराळ्याच प्रश्नाशी होता. आकड्यांवरून निर्णय करताना रेषा कोठे ओढावयाची, हा तो प्रश्न.

सुखात्मे यांचा जन्म २७ जुलै १९११ रोजी सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १९३२ साली पदवी घेऊन ते १९३३ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाले. त्याच वर्षी तेथे कार्ल पिअर्सन निवृत्त झाले व त्यांच्या विभागाचे दोन तुकडे पडले. एक रोनाल्ड फिशर यांच्याकडे गेला, दुसरा एगॉन पिअर्सन यांच्याकडे. पुढल्या वर्षी पिअर्सन यांच्या बाजूस येर्झी नेमन येऊन मिळाले. एकाच वाड्यात दोन घराण्यांचे उस्ताद नांदावेत आणि एकाने दुसऱ्याची गायकी मानू नये, तसा तो प्रकार होता.

वाद होता सार्थकतेच्या कसोटीचा. तुरीचे नवे बियाणे आणले, तर त्याने काहीच फरक पडत नाही असे प्रथम धरून चालावयाचे. हे शून्य गृहीतक. ते खरे असता निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक शंभरात पाचांहून कमी वेळा दिसत असेल, तर ते गृहीतक टाकावयाचे. पाचाची ही मर्यादा फिशर यांनी १९२५ च्या ग्रंथात सोयीची म्हणून सुचविली होती. नेमन व पिअर्सन यांचे म्हणणे असे की चुका दोन प्रकारच्या असतात : निरुपयोगी बियाणे चांगले ठरविणे आणि चांगले बियाणे निरुपयोगी ठरविणे. दोहोंचा हिशेब आधीच मांडला पाहिजे. फिशर यांना हा हिशेब कारखान्यातील मालतपासणीला शोभणारा वाटे, शास्त्राला नव्हे.

सुखात्मे यांनी दोन्ही घराण्यांची तालीम घेतली. नमुना निवडण्याची विद्या त्यांनी नेमन यांच्या वाटेने वाढविली. उलट, फिशर यांच्या एका वादग्रस्त कसोटीची कोष्टके त्यांनीच गणून १९३८ मध्ये ‘सांख्य’ या कलकत्त्याच्या नियतकालिकात छापली.

मायदेशी १९४० पासून ते कृषि संशोधन परिषदेत होते. पीककापणीचे तुकडे फार लहान घेतले तर कडेची रोपे आत ओढली जातात व उत्पन्न फुगून दिसते, असे त्यांनी दाखविले. यावरून प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्याशी त्यांचा मतभेद झाला. तुकडे हजार घेतले तरी मापातील एकतर्फी चूक कमी होत नाही, हा त्यातील धडा कसोट्यांनाही लागू आहे. पुढे १९५१ पासून रोममध्ये जागतिक अन्न व शेती संघटनेत त्यांनी जगाची भूक मोजली. १९७१ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

पुण्यास परतल्यावर मोठा वाद उभा राहिला. माणसाची उष्मांकांची गरज रोज सारखी नसते, म्हणून सरासरीखाली जेवणारा प्रत्येक जण उपाशी नव्हे, असे त्यांचे मत होते. सरासरीच्या खाली प्रमाण विचलनाच्या दुप्पट अंतरावर त्यांनी रेषा ओढली. त्यामुळे उपाशी लोकांची संख्या पुष्कळच घटली. साताऱ्याचेच वि. म. दांडेकर यांनी १९८१-८२ च्या सुमारास यास कडाडून विरोध केला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे एके काळचे संचालक डॉ. सी. गोपालन यांनीही बजावले की खुरटलेली मुले ही अन्नटंचाईशी जुळवून घेतलेली निरोगी मुले नव्हेत.

येथे जुनाच वाद नव्या वेषात आला होता. सुखात्मे यांचे शून्य गृहीतक असे, की हा मनुष्य पुरेसे जेवतो. ते खोडण्याचा भार उपाशी माणसावर पडला. धडधाकटास उपाशी म्हणण्याची चूक त्यांनी टाळली. उपाशास धडधाकट म्हणण्याची चूक त्यामुळे वाढली, आणि दुसरी चूक मोजण्याचा आग्रह तर नेमन यांचाच होता. मात्र सुखात्मे गरिबांविषयी उदासीन नव्हते. खाल्लेले अन्न अंगी लागावे म्हणून शुद्ध पाणी व स्वच्छता हवी, हा त्यांचा हेका आजही आपल्या खेड्यांना लागू आहे.

२८ जानेवारी १९९७ रोजी ते निवर्तले. त्यानंतर २०१६ मध्ये अमेरिकन संख्याशास्त्र संस्थेने सार्थकतेच्या एकाच मर्यादेवर विसंबू नये असा इशारा दिला, आणि २०१९ मध्ये आठशेहून अधिक शास्त्रज्ञांनी ही मर्यादाच सोडून देण्याच्या आवाहनावर सह्या केल्या. रेषा गणिताने आखता येते. परंतु कोणती चूक पत्करावयाची हे माणसांनीच ठरवावे लागते, आणि ते ठरविताना ज्याचे ताट रिकामे आहे त्याचीही बाजू ऐकली पाहिजे.