कार्ल हाइन्रिख उल्रिक्स

कार्ल हाइन्रिख उल्रिक्स (२८ ऑगस्ट, १८२५ – १४ जुलै, १८९५) हे जर्मन कायदेपंडित व लेखक होते. समलैंगिक प्रेमाला गुन्हा मानणाऱ्या कायद्यांविरुद्ध स्वतःच्या नावानिशी जाहीरपणे बोलणाऱ्या आद्य व्यक्तींमध्ये त्यांची गणना होते.

पूर्वायुष्य

उल्रिक्स यांचा जन्म हानोफर राज्यातील आउरिख गावाजवळ झाला. ते दहा वर्षांचे असताना वडील वारले. आईच्या माहेरी धर्मोपदेशकांची परंपरा होती. ग्यॉटिंगेन आणि बर्लिन येथे कायद्याचे शिक्षण घेऊन ते हानोफरच्या शासकीय सेवेत रुजू झाले. पुरुषांविषयीच्या त्यांच्या आकर्षणाची कुणकुण वरिष्ठांना लागल्यावर १८५४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

कुटुंबीयांना पत्रे

१८६२ मध्ये त्यांनी बहीण व अन्य आप्तांना पत्रे लिहून आपला स्वभाव उघडपणे सांगितला. ही प्रवृत्ती जन्मजात आहे, ती जडलेली सवय नव्हे, असे त्यांचे प्रतिपादन होते. प्लेटोच्या ग्रंथातील उल्लेखावरून त्यांनी अशा पुरुषांसाठी 'उर्निंग' हा शब्द घडवला. १८६४ ते १८७९ या काळात त्यांनी या विषयावर बारा पुस्तिका प्रसिद्ध केल्या. आरंभीच्या पुस्तिका नातलगांच्या भावनेखातर 'नुमा नुमान्टियस' या टोपणनावाने निघाल्या.

म्युनिक येथील भाषण

१८६६ मध्ये प्रशियाने हानोफर ताब्यात घेतले. त्याला विरोध केल्याबद्दल उल्रिक्स यांना पुढील वर्षी दोनदा तुरुंगवास घडला व त्यांची कागदपत्रे जप्त झाली. तरीही २९ ऑगस्ट, १८६७ रोजी, म्हणजे बेचाळिसाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी, ते म्युनिक येथील जर्मन कायदेपंडितांच्या परिषदेत बोलावयास उभे राहिले. अशा प्रेमाबद्दलची शिक्षा रद्द व्हावी, ही त्यांची मागणी होती. पाचशेहून अधिक सभासदांच्या त्या सभेत गदारोळ झाला आणि भाषण अर्धवट सोडून त्यांना व्यासपीठावरून उतरावे लागले. यानंतर मात्र त्यांनी टोपणनावाचा आडपडदा दूर करून स्वतःच्या नावाने लेखन केले.

उत्तरायुष्य

त्यांचे प्रयत्न तत्काळ सफल झाले नाहीत. उलट जर्मन एकीकरणानंतर प्रशियाचाच कायदा 'कलम १७५' म्हणून देशभर लागू झाला. हानोफर व बव्हेरियात त्यापूर्वी अशी शिक्षा नव्हती. १८८० मध्ये उल्रिक्स इटलीस गेले. लाक्विला येथे त्यांनी १८८९ पासून 'आलाउडाय' हे लॅटिन नियतकालिक चालवले. त्याच गावी त्यांचे निधन झाले.

वारसा

पुरुषाच्या देहात स्त्रीचा आत्मा वसतो, ही त्यांची उपपत्ती पुढे मागे पडली. मात्र जन्मजात स्वभावाबद्दल कोणालाही शिक्षा होऊ नये, ही त्यांची भूमिका माग्नुस हिर्शफेल्ड यांच्यासारख्या डॉक्टरांनी पुढे नेली. कलम १७५ पूर्णपणे रद्द होण्यास १९९४ साल उजाडले. ज्या म्युनिकमध्ये त्यांना बोलू दिले गेले नाही, त्याच शहरात आज एक चौक त्यांच्या नावाने ओळखला जातो.