विश्लेषण : तिमुकुआ भाषा लिहून ठेवणारे फ्रान्सिस्को पारेहा कोण होते?

स्पेनचे फ्रान्सिस्कन धर्मगुरू फ्रान्सिस्को पारेहा १५९५ मध्ये फ्लोरिडात आले. आजच्या जॅक्सनविल शहराजवळच्या मिशनमध्ये धर्मप्रसार करताना ते स्थानिक तिमुकुआ लोकांची भाषा शिकले. १६१२ पासून त्यांची तिमुकुआ-स्पॅनिश पुस्तके मेक्सिकोत छापली गेली.

१६१३ च्या पुस्तकात पापाची कबुली घेताना विचारायचे प्रश्न आहेत. शिकारीआधीचे मंत्र, घुबडाच्या ओरडण्याबद्दलच्या समजुती असे बरेच काही त्यात आहे. उद्देश या प्रथा मोडण्याचा होता. आज त्या कळतात त्या याच प्रश्नांमुळे.

पारेहा १६२८ मध्ये वारले. पुढे साथी, वेठबिगारी आणि हल्ल्यांत तिमुकुआ समाज जवळपास संपला. १७६३ मध्ये उरलेले मोजके लोक स्पॅनिशांसोबत क्युबाला गेले. आज ही भाषा कुणी बोलत नाही. अभ्यासकांना ती मुख्यतः पारेहांच्या पुस्तकांतूनच समजते.