राजगृह : पुस्तकांसाठी बांधलेलं घर

आपल्या देवळाली प्रवरेत कुणी घर बांधलं की पहिला प्रश्न ठरलेला, किती खणांचं? परमपूज्य बाबासाहेबांनी मुंबईत दादरला हिंदू कॉलनीत १९३३ साली राजगृह पुरं केलं, तिथं हा हिशेब चालत नाही. ते घर पुस्तकं किती, यावरून बांधलेलं आहे.

त्याआधीची घरं आम्हा गिरणीवाल्यांना कुणी समजावून सांगायला नकोत. परळच्या डबक चाळीत सुभेदार रामजीबाबांची एकच खोली. उशाशी जातं, पायाशी शेळी, मधे भिवा झोपायचा. वडील रात्री दोनपर्यंत जागे राहायचे, मग पोराला अभ्यासाला उठवून त्याच जागी स्वतः आडवे व्हायचे. दोन पाळ्यांचे कामगार एकच वळकटी वापरतात, तशातलाच प्रकार.

पुढं परळच्याच बी.आय.टी. चाळ नंबर १ मध्ये दुसऱ्या मजल्यावर ५० आणि ५१ नंबरच्या खोल्या मिळाल्या. १९१२ पासून जवळजवळ २२ वर्षं बिऱ्हाड तिथंच होतं. अमेरिका, इंग्लंड शिकून बाबासाहेब आले ते याच खोल्यांत. १९१७ साली परतताना वेगळ्या बोटीनं पाठवलेली पुस्तकं बोटीसकट बुडाली. महायुद्ध चालू होतं, पाणबुडीनं बोट फोडली. त्यांनी ती पुन्हा जमवायला घेतली. मग माणसं आणि ग्रंथ चाळीत मावेनात. शेवटी कर्ज काढून हिंदू कॉलनीत दोन जागा घेतल्या. एकीवर चार मिनार, दुसरीवर राजगृह.

राजगृहात खाली संसार, वर ग्रंथालय आणि कचेरी. कागदाचं ओझं काय असतं ते ज्यानं गिरणीत गाठी उचलल्या त्याला विचारा. पुढं ही पुस्तकं ५० हजारांवर गेली असं सांगतात. नावही विचार करून ठेवलेलं. राजगृह ही मगधाच्या बिंबिसार राजाची राजधानी. तथागत तिथं राहिले, महापरिनिर्वाणानंतर पहिली संगीती तिथंच भरली. नागपूरची दीक्षा तेव्हा २३ वर्षं लांब होती, पण दारावर नाव लागलं होतं.

या घराबद्दल बोलताना लोक ग्रंथांवर भरभरून बोलतात आणि रमाईंवर थांबत नाहीत. आम्हाला ते पटत नाही. चाळीतली हलाखी त्यांनी काढली, पोटची चार लेकरं गमावली, आणि मोठ्या घराचं सुख उणंपुरं दोन वर्षंही लाभलं नाही. २७ मे १९३५ ला राजगृहातच त्या गेल्या. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला, आपल्या कोपरगावच्या पलीकडं येवल्याला, बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली.

१९४१ साली पैशाची ओढाताण झाली तेव्हा चार मिनार विकलं. राजगृह ठेवलं, ग्रंथही ठेवले.

१९४७ ला मंत्रिपद आलं, मुक्काम दिल्लीला गेला. ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीतच निधन झालं आणि पार्थिव राजगृहावर आणलं. दुसऱ्या दिवशी गिरण्या ओस पडल्या, कामगार पाळ्या सोडून दादरला लोटले.

७ जुलै २०२० ला कुणीतरी आवारात शिरून कुंड्या फोडल्या, काचा फोडल्या. तेव्हा गावोगाव संताप झाला.

राजगृहाच्या तळमजल्यावर बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू जपून ठेवल्यात. विहारातून ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाल तेव्हा दादर स्टेशनच्या पूर्वेला उतरून आधी हिंदू कॉलनीत जा. पोरांना बरोबर न्या.